सागरपृष्ठाची उंची आणि जहाजांच्या वाटा : प्रस्तावना

सुवेझच्या संयोगभूमीतून कालवा काढावा की नाही, या प्रश्नाचा निकाल जवळजवळ अर्धशतक ज्या एका आकड्यापाशी अडून राहिला, तो आकडा समुद्राच्या उंचीचा होता. नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा त्याच्या लवाजम्यात जी विद्वान मंडळी होती, त्यांपैकी ल पेर नावाच्या अभियंत्याने १७९९ साली, युद्धाच्या धामधुमीत जमेल तशी, सुवेझपासून भूमध्य समुद्रापर्यंत पातळीची मोजणी केली आणि तांबडा समुद्र हा भूमध्य समुद्राहून सुमारे १० मीटर उंच आहे, असा निर्वाळा दिला. लाप्लास आणि फूरिये यांच्यासारख्या गणितज्ञांना तो पटला नाही. पण एकदा सरकारी दफ्तरात दाखल झालेल्या आकड्याला जे वजन येते, ते गणितज्ञांच्या शंकेने सहसा हलत नाही. पुढे १८४७ साली बूर्दालू याच्या देखरेखीखाली फेरमोजणी झाली, दोन समुद्रांत नाव घेण्याजोगा फरक नाही हे ठरले, आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा वाहतुकीस खुला होऊन मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या जहाजाची वाट हजारो मैलांनी तोकडी झाली.

या हकिकतीचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. दोन समुद्रांत फरक आहेच. तो इतका थोडा आहे की त्याने कालवा अडत नाही, आणि इतका खरा आहे की कालव्यातील पाणी त्याच्या तंत्राने चालते. हिवाळ्यात सुवेझकडील पाणी किंचित उंच राहते आणि कालव्यातील ओढ उत्तरेकडे असते. उन्हाळ्याच्या अखेरीस ती उलटते. १० मीटरांच्या खोट्या उंचीने जहाजे पन्नास वर्षे रोखून धरली, आणि खरी, काही सेंटिमीटरांची उंची ऋतूप्रमाणे त्यांना निमूटपणे पुढे-मागे ढकलीत राहिली. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही दुसऱ्या जातीची उंची होय : डोळ्यांना न दिसणारी, जहाजावरील कोणासही न जाणवणारी, तथापि प्रवासाच्या जमाखर्चात नेमकी उतरणारी.

विषयप्रवेशापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुद्र सर्वत्र सारख्या उंचीचा नाही असे ऐकताच वाचकाच्या मनात पहिला विचार येतो तो घाटाचा. जेथे पाणी उंच, तेथे जहाजाला चढ लागत असेल आणि पलीकडे उतारावर ते आपसूक घरंगळत असेल, असे त्याला वाटते. पृथ्वीच्या पोटातील द्रव्य सर्वत्र समान पसरलेले नसल्यामुळे गुरुत्वाकर्षण ठिकठिकाणी कमीअधिक असते, आणि त्याच्या अनुरोधाने समुद्राचे पृष्ठ कोठे फुगीर तर कोठे खोलगट झालेले असते, हे खरे आहे. या खोलगटांपैकी सर्वांत मोठा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात आहे. पृथ्वीच्या गणिती लंबगोलाच्या मानाने तेथील पाणी सुमारे १०६ मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूस ते ८० मीटरांच्या वर गेलेले आहे. म्हणजे कोलंबोहून न्यू गिनीकडे निघालेले जहाज हिशेबाने दीडशे मीटरांहून अधिक उंच चढते. आणि या चढासाठी त्याला थेंबभर तेलही जादा जाळावे लागत नाही. ज्या पृष्ठाशी ओळंबा सर्वत्र काटकोन करतो, त्या पृष्ठावरून चालताना वर आणि खाली असे काही उरतच नाही. भूगणितात या पृष्ठाला जिऑइड म्हणतात. वारा, ऊन, भरती व प्रवाह ही सगळी थांबली, तर समुद्र जिऑइडवर येऊन स्थिर होईल. जहाजाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

कर्तव्य आहे ते त्या स्थिर पृष्ठाच्या वर-खाली जे थोडेसे उरते त्याच्याशी. महासागरभर मिळून हा उरलेला भाग मीटर-दीड मीटरांच्या आसपासच असतो. पण समुद्रातील मोठमोठे प्रवाह त्याच्याच उतारांशी बांधलेले आहेत. उत्तर अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम घ्या. अमेरिकेच्या किनाऱ्याकडून सारगासो समुद्राकडे हा प्रवाह ओलांडू लागले, तर सुमारे १०० किलोमीटरांत पाणी एक मीटर उंच होते. बोरीबंदरापासून कर्जतपर्यंतचा लोहमार्ग जवळजवळ तेवढ्याच लांबीचा आहे. त्यावर एवढाच चढ असता, तर रेल्वेच्या कोणत्याही इंजिनियराने तो सपाटच धरला असता. समुद्राला मात्र एवढा उतार फार झाला. पाणी या उतारावरून खाली, किनाऱ्याकडे, धावू पाहते. धावू लागताच पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. वळत वळत उताराला आडवे होते आणि मग एका बाजूने उताराचा दाब, दुसऱ्या बाजूने परिवलनाची ओढ, अशा कात्रीत सापडून समान उंचीच्या रेषेला धरून वाहत राहते. उंच पाणी उजव्या हाताला, सखल पाणी डाव्या हाताला, ही उत्तर गोलार्धातील प्रवाहाची खूण. दक्षिण गोलार्धात हात बदलतात. ३५ अक्षांशाच्या सुमारास वर सांगितलेल्या उतारावर हा वेग हिशेबाने ताशी सव्वादोन सागरी मैल, म्हणजे सव्वादोन नॉट, इतका येतो. उतार दुप्पट झाला की वेगही दुप्पट होतो. विषुववृत्ताजवळ परिवलनाची ती ओढच नाहीशी होत असल्याने हा हिशेब तेथे लागू पडत नाही. त्या पट्ट्याचे गणित निराळे आहे.

सारांश, जहाजाला उंचीशी प्रयोजन नाही, उताराशी आहे. आणि उताराशीही तो उतार आहे म्हणून नव्हे, तर तो प्रवाहाचा लेख आहे म्हणून आहे. ज्याला हा लेख वाचता आला त्याला प्रवाह न पाहताच कळला. गेल्या अर्धशतकात हे वाचन उपग्रहांनी शक्य केले; त्यापूर्वी दर्यावर्दी लोक तोच प्रवाह दुसऱ्या टोकाने, म्हणजे त्याच्या परिणामांवरून, ओळखीत आले होते.

या जुन्या विद्येचा सर्वांत बोधक दाखला जकातखात्याच्या एका तक्रारीत सापडतो. १७६८-६९ च्या सुमारास बॉस्टन येथील जकात अधिकाऱ्यांनी लंडनला लिहिले की, फाल्मथहून न्यू यॉर्कला येणाऱ्या सरकारी टपालबोटींना लंडनहून ऱ्होड आयलंडला येणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर अधिक लागतो. वास्तविक व्यापारी जहाजे मालाने लादलेली, खलाशी त्यांवर थोडे आणि अंतरही त्यांचे कमी नाही. वसाहतींच्या टपालखात्याचे काम तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनकडे होते. त्याने आपला नातेवाईक, नँटकेट बेटाचा कप्तान टिमथी फोल्जर, याला विचारले, तेव्हा उत्तर जणू तयारच होते. देवमाशांची शिकार करणारे नँटकेटचे लोक या प्रवाहाच्या दोन्ही कडा धरून फिरत, कारण देवमासे कडांना सापडतात, मध्यधारेत सापडत नाहीत. आणि कडा बदलण्यासाठी प्रवाह ओलांडताना त्यांना मध्यधारेत टपालबोटी भेटत, ताशी तीन मैलांच्या उलट्या ओढीशी झुंजत जागच्या जागी घुटमळणाऱ्या. आम्ही त्यांना बाहेर पडा म्हणून सांगितले, पण साध्या कोळ्यांचा सल्ला घेण्याइतके ते लहान नव्हते, अशा अर्थाचा शेरा फोल्जरने वर मारला. फ्रँकलिनने फोल्जरकडून प्रवाह नकाशावर काढवून घेतला, तो कोरवून छापविला आणि फाल्मथच्या कप्तानांकडे पाठविला. त्यांनी त्याची दखल घेतली नाही. सरकारी नोकरीतला कप्तान आणि बिनसरकारी कोळी यांच्यामधला हा उतार मोजणारे यंत्र अद्याप निघावयाचे आहे. तो पहिला छाप पुढे गहाळ झाला तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७८ साली सापडला, आणि त्याच वर्षी सागरपृष्ठाची उंची मोजणारा सीसॅट हा उपग्रह आकाशात गेला. असे योगायोग इतिहासात अर्थशून्यच असतात. तरी त्यांची नोंद केल्यावाचून राहवत नाही.

फ्रँकलिनने स्वतः १७७५ साली अमेरिकेस परतताना पाण्यात उष्णतामापक सोडून प्रवाहाची कड शोधली. ही रीत नंतर कित्येक पिढ्या चालली : खलाशी कठड्यावरून बादली सोडी, पाणी वर येताच त्यात काच बुडवी, आणि पारा काही अंश चढला, पाण्याचा हिरवट रंग जाऊन गडद निळा झाला, पिवळसर सारगासम शेवाळाचे पुंजके वाऱ्याच्या दिशेने रांगेने दिसू लागले, म्हणजे प्रवाहात शिरलो असे समजून नोंदवहीत वेळ मांडली जाई. यापेक्षा सूक्ष्म रीत हिशेबनिसाची होती. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत होकायंत्राने व वेगमापक दोरीने जहाज कोठे आले असावयास पाहिजे, हे एका रकान्यात. सूर्य आणि क्रोनोमीटर यांच्या साक्षीने ते खरोखर कोठे आले आहे, हे दुसऱ्यात. दोहोंतली तफावत ती प्रवाहाची. एका जहाजाच्या एका दिवसाच्या तफावतीला किंमत नाही. हजारो जहाजांच्या हजारो दिवसांच्या तफावती एकत्र केल्या की समुद्राचा नकाशा उभा राहतो, हे जेम्स रेनेलने ओळखले. बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून त्याने गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाकडील मुलूख मोजला होता. हिंदुस्थानचा त्याचा १७८२ सालचा नकाशा मराठेशाहीच्या अभ्यासकांना परिचित आहे. विलायतेस परतल्यावर त्याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी वाहणाऱ्या अगुल्हास प्रवाहाचा नकाशा केला, आणि अटलांटिकच्या प्रवाहांवरील त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, प्रसिद्ध झाला. जमीन मोजणारा मनुष्य समुद्राकडे वळला की तो पाण्यातही शेतांचे बांध शोधू लागतो. रेनेलला ते सापडले. पुढे अमेरिकन आरमारातील मॅथ्यू मॉरीने १८४७ पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे काढले, आणि १८५३ च्या ब्रसेल्स परिषदेत निरनिराळ्या राष्ट्रांनी जहाजांवरील नोंदींचा एकच नमुना ठरविला.

या सर्व खटाटोपातील उणीव एकच होती : त्यातून सरासरी हाती लागे, आजचा प्रवाह हाती लागत नसे. गल्फ स्ट्रीमचे नागमोडी वळण या आठवड्यात एका रेखांशावर असते, पुढच्या महिन्यात सरकलेले असते. जपानच्या दक्षिणेकडील कुरोशिओ प्रवाह २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरळ वाट सोडून दक्षिणेकडे मोठा वळसा घेऊ लागला आणि सात वर्षांहून अधिक काळ त्या वळशावरच राहिला. शंभर वर्षांच्या सरासरीवर विसंबलेल्या कप्तानाला या काळात होन्शूपुढे अनुकूल ओढीच्या जागी भलतेच पाणी मिळाले असते.

आजचा प्रवाह आज दाखविण्याचे काम उपग्रहावरील उंचीमापक करतो. १० ऑगस्ट १९९२ रोजी सोडलेला टोपेक्स-पोसायडन १,३३६ किलोमीटर उंचीवरून समुद्रावर रडारचे स्पंद टाकीत असे, ते परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढीत असे, आणि आपली कक्षा अचूक ठाऊक असल्यामुळे त्यातून पाण्याची उंची तीन-चार सेंटिमीटरांच्या बिनचूकपणाने सांगत असे. म्हणजे चूक सुमारे तीन कोटींत एक भाग. त्याची परंपरा जेसन नावाच्या तीन उपग्रहांनी आणि २०२० पासून सेंटिनेल-६ ने चालविली. आपल्या इस्रोने फ्रान्सच्या सहकार्याने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला सरल हाही याच कुळातला. त्याच्या अल्टिका या उपकरणाने इतरांहून आखूड तरंगलांबी वापरली, त्यामुळे त्याचा झोत समुद्राचा अधिक लहान तुकडा पाही आणि किनाऱ्याच्या अधिक जवळचे मोजमाप मिळे. परत आलेल्या स्पंदाची धार किती बोथट झाली आहे, यावरून लाटांची उंचीही कळते, हा त्यातला वरकड लाभ. आणि जहाजांच्या दृष्टीने तो कित्येकदा मुख्य लाभाहून मोलाचा ठरतो.

या यंत्राची मर्यादाही पदरी बांधून घेतली पाहिजे. टोपेक्स दहा दिवसांनी त्याच रेषेवर परत येई आणि विषुववृत्तावर त्याच्या दोन शेजारच्या रेषांत ३१५ किलोमीटरांचे अंतर राही; शंभर-दीडशे किलोमीटर व्यासाचा भोवरा त्या दोन रेषांच्या मध्ये खुशाल फिरत राहू शकतो. शिवाय दिवसातून दोनदा येणारी भरती दहा दिवसांनी एकदाच पाहिली, तर ती सुमारे ६२ दिवसांच्या संथ हेलकाव्याचे सोंग घेते, आणि ते सोंग ओळखून वजा केल्याशिवाय खरा उतार हाती येत नाही. म्हणून अनेक उपग्रहांच्या रेषा एकत्र विणून नकाशा करावा लागतो. १६ डिसेंबर २०२२ रोजी गेलेल्या स्वॉट या उपग्रहाने प्रथमच रेषेऐवजी सुमारे १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एकदम पाहण्यास आरंभ केला. परंतु पृथ्वीभर फिरून त्याच जागी येण्यास त्याला २१ दिवस लागतात.

आता हिशेबाकडे वळू. मालवाहू जहाजाला पाण्यातून चालविण्यास लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १,२०० सागरी मैलांचा पल्ला १०० तासांत गाठावयाचा असेल, तर शांत पाण्यात १२ नॉट वेग ठेवावा लागतो. मागून दोन नॉटची ओढ मिळाली तर १० नॉटवर भागते, आणि तेवढ्याच तासांत इंधन शेकडा ५८ इतकेच जळते. तीच ओढ समोरून आली तर वेळ पाळण्यासाठी १४ नॉट ठेवावे लागतात आणि इंधन शेकडा १५९ वर जाते. म्हणजे प्रवाहाने दिलेला नफा आणि प्रवाहाने केलेला तोटा सारखे नसतात; तोटा मोठा असतो, आणि म्हणून अनुकूल धार शोधण्यापेक्षा प्रतिकूल धार टाळणे हे मार्ग आखणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. अर्थात हे पाटीवरचे गणित झाले. दोन नॉटची ओढ सबंध वाटेवर कोणासच मिळत नाही, ती गाठण्यासाठी वळसा पडतो, आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरीत पदरात पडते ती बचत थोड्या टक्क्यांचीच असते. पण मोठ्या जहाजाच्या तेलाच्या बिलावर ते थोडे टक्केही मालकाला झोपू देत नाहीत. सर्वांत जवळची वाट ही सर्वांत लवकर पोचविणारी वाट नव्हे, हा प्रश्न झेर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९३१ साली समीकरणात मांडला. १९५७ साली अमेरिकन आरमाराच्या जेम्सने समकाल रेषांची रीत सांगून तो नकाशावर पट्टी-कंपासने सोडविण्याजोगा केला. हल्ली तो संगणक सोडवितो. जहाजाच्या सुकाणूपाशी मात्र आजही दोनच आकडे शेजारी शेजारी दिसतात, पाण्यातून चाललेला वेग आणि जमिनीच्या मानाने चाललेला वेग. पहिला १४.२ आणि दुसरा १५.९ असेल, तर पहाऱ्यावरचा अधिकारी काही बोलत नाही, दुसरा १२.८ दिसू लागला की तो नकाशाकडे वळतो.

या पुस्तकात अगुल्हास प्रवाहाला सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे, आणि त्याचे समर्थन करणे अवश्य आहे. १९६७ पासून १९७५ पर्यंत सुवेझ कालवा बंद होता तेव्हा इराणी आखातातील तेलवाहू जहाजांनी केपची वाट धरली; २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे न्हावाशेवाहून युरोपास जाणाऱ्या जहाजांनाही पुन्हा तीच वाट घ्यावी लागली. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे वाहणारा हा प्रवाह चार-पाच नॉटपर्यंत जातो, आणि दरबानहून खाली उतरणाऱ्या कप्तानाची जुनी युक्ती अशी की, जेथे खंडाचा उथळ पाळा संपून समुद्रतळ एकदम खोल जातो, ती १०० वावांची रेषा धरावी, म्हणजे मध्यधार आपोआप सापडते. उंचीच्या नकाशावरही समोच्च रेषांची दाटी नेमकी तेथेच दिसते. पण वर्षातून काही वेळा या प्रवाहाला नाताळच्या किनाऱ्यापाशी एक वाक पडतो, मध्यधार किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर बाहेर फेकली जाते, आतल्या बाजूस उलटा भोवरा बसतो, आणि हा वाक दिवसाला १०-२० किलोमीटरांच्या चालीने नैर्ऋत्येकडे सरकत जातो. त्या दिवसांत खोलीच्या रेषेला चिकटून चाललेल्या जहाजाला साहाय्याऐवजी विरोध मिळतो. नुसत्या खोलीवर विसंबणारा फसतो. उंचीचा ताजा नकाशा पाहणारा बाहेरून जातो.

येथवर नकाशाची बाजू झाली. आता दुसरी बाजू. याच धारेवर दक्षिण महासागरातून येणारी नैर्ऋत्येची लाट समोरून आदळते. उलट्या प्रवाहात शिरलेली लाट आखूड होते, आखूड होताना उंच व उभट होते, आणि थंड वाऱ्याची आघाडी किनाऱ्याने वर सरकू लागली की दरबान ते पोर्ट एलिझाबेथ या टापूत अशा भिंती उभ्या राहतात की ज्यांच्यापुढे प्रचंड खड्डा असतो आणि जहाजाचे नाक त्यात प्रथम खाली जाते. १९०९ साली वाराटाह हे प्रवासी जहाज दरबानहून निघून याच किनाऱ्यावर नाहीसे झाले. त्याचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. प्रोफेसर मॅलरी यांनी १९७४ साली या लाटांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि नैर्ऋत्येचा तुफानी वारा सुटणार असे दिसताच मध्यधार सोडून १०० वावांच्या आत, किनाऱ्याकडे यावे, ही सूचना नाविकांच्या मार्गदर्शिकांत रूढ झाली. ज्या रेषेवर इंधन सर्वांत कमी जळते तीच रेषा काही दिवशी जहाज मोडण्याची सर्वांत अधिक शक्यता असलेली रेषा असते. प्रवाह आणि लाटा यांचे दोन नकाशे दोन निरनिराळ्या मेजांवर पाहणाऱ्या कचेरीने मार्ग आखू नये, हे मत मी या पुस्तकात एकाहून अधिक वेळा मांडले आहे, आणि वाचकास त्याचा कंटाळा आल्यास माझी हरकत नाही.

आपल्या किनाऱ्याकडे वळले की चित्र सौम्य होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे पाणी खाली बसते आणि किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात ते उचलले जाते आणि प्रवाह उत्तरेकडे वळतो. उजव्या हाताचा नियम दोन्ही वेळा तंतोतंत पटतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये यांनी दाखविले की, हिवाळ्यात लक्षद्वीपाजवळ पाण्याला जो फुगवटा येतो आणि पावसाळ्यात जो खळगा पडतो, ते केवळ स्थानिक वाऱ्याचे काम नसून बंगालच्या उपसागराकडून किनाऱ्याने फिरून आलेल्या लाटांचाही त्यात हात असतो. याच दोघांनी एका जुन्या कोड्याचाही उलगडा केला. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पातळीमापनात विशाखापट्टणचा समुद्र मुंबईच्या समुद्राहून सुमारे ३० सेंटिमीटर उंच येई. त्याचे मुख्य कारण त्यांनी क्षारतेत शोधले. नद्यांच्या गोड्या पाण्याने उपसागर पातळ होतो, पातळ पाणी हलके म्हणून अधिक उंच उभे राहते. आणि हेच पातळ पाणी जहाजाला कमी उचलून धरते, म्हणून समुद्रातून हुगळीत शिरणारे जहाज काही इंच अधिक बुडते. त्याच्या अंगावरील भारखुणांत गोड्या पाण्याची रेघ वेगळी काढलेली असते ती याकरिता.

पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह बहुधा एक नॉटच्या आतच असतो. मुंबई-कोची फेरीच्या हिशेबात तो मोजावा, पण त्यासाठी वाट बदलू नये. वाट बदलण्याजोगे पाणी अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सोमालियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे धावणारा प्रवाह कधी कधी सात नॉटपर्यंत पोचतो, आणि ५ ते १० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान चार-सहाशे किलोमीटर व्यासाचा, मध्ये उंच आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारा, एक अजस्र भोवरा बसतो. फिंडलेने १८६६ सालीच त्याची नोंद केली होती. हिवाळ्यात वारे उलटले की प्रवाहाचे तोंडही दक्षिणेकडे वळते. कमी शक्तीच्या आगबोटी पावसाळ्यात मुंबईहून एडनला सरळ न जाता दक्षिणेकडून वळसा घेत, तो मुख्यतः लाटांना भिऊन. आणि आपल्या शिडाच्या गलबतांचे तांडेल तर नारळी पौर्णिमा होईपर्यंत नांगरच उचलीत नसत.

बंदराच्या तोंडाशी आल्यावर मात्र सगळा न्याय फिरतो. खोल समुद्रात केवळ उताराला किंमत होती. येथे उंची हीच सर्व काही असते, कारण प्रश्न लादलेल्या जहाजाच्या पोटाखाली उरलेल्या हातभर पाण्याचा असतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरांवर जातो, भांगाच्या दिवसांत तो बराच उतरतो. खंबायतच्या आखातात तो दहा मीटरांच्या घरात असतो. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्यांत भरतीच्या सुमारासच जहाज आत घेता येई, आणि १९१४ साली खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीला, आजच्या इंदिरा गोदीला, जलपाश बांधावा लागला तो याचसाठी. अपोलो बंदरावरील भरतीमापक १८७८ पासूनच्या नोंदी ठेवून आहे, आणि १८७९ साली हिंदुस्थान सरकारसाठी एडवर्ड रॉबर्ट्सने लंडनमध्ये तयार करविलेल्या कप्प्या-चाकांच्या यंत्रावर हिंदी बंदरांची वर्षभराची भरती आगाऊ काढली जात असे. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते; वादळात ही गोष्ट पायलटाच्या ध्यानात असावीच लागते. हा सर्व भाग स्वतंत्र ग्रंथाचा असल्यामुळे येथे त्याला एकच प्रकरण दिले आहे.

सुनामीचा विचार या पुस्तकात मुद्दामच केलेला नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ बंगालच्या उपसागरावरून गेला तेव्हा खोल पाण्यात त्या लाटेची उंची त्याला अर्ध्या मीटरच्या थोडी वर आढळली. तिच्यावरून गेलेल्या जहाजाला ती कळतही नाही, आणि तिच्यासाठी वाट आखण्याइतका अवधी कोणास मिळत नाही.

शेवटी नकाशे वाचण्यासंबंधी एक सूचना. हैदराबादच्या इनकॉईस या संस्थेकडून व इतरत्रही सागरपृष्ठाच्या उंचीचे जे रंगीत नकाशे मिळतात, ते दोन प्रकारचे असतात. एकात पाण्याची उंची जिऑइडपासून दाखविलेली असते; दुसऱ्यात त्या जागेच्या नित्याच्या सरासरीपासून ती आज किती वर किंवा खाली आहे, एवढेच असते. दुसऱ्या प्रकारात कायमचा प्रवाह सरासरीतच वजा होऊन जातो, आणि गल्फ स्ट्रीमसारखी बलाढ्य धारही त्यात कित्येकदा दिसत नाही. त्यावरून तेथे प्रवाह नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मार्ग आखावयाचा असेल तर पहिला नकाशा घ्यावा, त्यावर रंग पाहू नयेत, समोच्च रेषा कोठे दाटल्या आहेत ते पाहावे, आणि नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख आधी वाचावी.